फुटलेला बँड पुन्हा का जुळतो?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र. एक न्हावऱ्याचा, तालुका शिरूर. दुसरा केडगावचा, तालुका दौंड. कामाला रांजणगाव एमआयडीसीत. जाता-येता फोनवर परदेशातला एक रेडिओ कार्यक्रम ऐकतो. सगळं रॉक संगीत. निवेदक मनाला येईल ते लावतो, नाही पटलं तर चालू गाणं मधेच तोडतो. परवा तो म्हणाला, फुटलेले बँड पुन्हा एकत्र येतात ते निव्वळ पैशासाठी, मी त्यांची नवी गाणी लावणार नाही. त्यावरून आमच्यात वाजलं. एक म्हणतो, खरं बोलला. दुसरा म्हणतो, हा कोण ठरवणारा? तुम्हीच निवाडा करा. आपल्या रेडिओवर असा हट्टी माणूस का ऐकू येत नाही, मराठी माणसांचा असा कुठला बँड फुटून पुन्हा जुळलाय का, आणि आम्हालाच असा कार्यक्रम करायचा झाला तर काय करावं लागेल, हेही सांगा.
— दोन वाचक, शिरूर-दौंड

उत्तर : निवाडा मागाहून. आधी दुसऱ्या मित्राचा सवाल घेतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. हा कोण ठरवणारा?

रेडिओवर कोणी ना कोणी ठरवतच असतं. तुमचा तो परदेशी निवेदक निदान उघडपणे ठरवतो आणि शिव्या खायला समोर उभा राहतो. पुण्याच्या खासगी एफएमवर जो गोड गळ्याचा मुलगा सकाळी तुम्हाला वाघोलीची वाहतूक सांगतो, त्याच्या हातात गाणं फारसं नसतं. गाण्यांची यादी आधीच संगणकात लागलेली असते. ती यादी कशी होते ते ऐकण्यासारखं आहे. काही श्रोते गाठायचे, प्रत्यक्ष बसवून किंवा फोनवरून. त्यांना गाण्याचा चटकन ओळखू येणारा तुकडा काही सेकंद ऐकवायचा. ओळखता का? आवडतं का? ऐकून ऐकून वीट आला का? असे गुण मांडायचे. मग एका सॉफ्टवेअरला नियम घालून द्यायचे : हे गाणं इतक्या तासांनी पुन्हा, त्याच गायकाचं लागोपाठ नको, संथ गाण्यामागे संथ नको. यातून चाळून जे खाली उरतं ते सहसा कोणाचं जिवापाड आवडतं गाणं नसतं. ज्याच्यामुळे कोणी स्टेशन बदलत नाही, असं ते गाणं असतं. सगळ्या स्टेशनांवर तीच तीच गाणी का, याचं उत्तर यातच आलं.

यात त्या निवेदकाला किंवा मालकाला नुसतं धोपटून चालणार नाही. आपल्याकडे खासगी एफएमचे पहिले परवाने लिलावाने गेले. बोल्या इतक्या चढल्या की पुढे वर्षाचं शुल्क भरता भरता अनेकांच्या नाकी नऊ आले. 2005 साली सरकारने पद्धत बदलली आणि उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. पण धंद्याला एकदा बसलेली भीती तशी जात नाही. जाहिरातदाराला श्रोत्यांचा आकडा दाखवायचा असतो, आणि हट्टी माणूस आकडा घालवतो.

तरी हट्टी माणूस आपल्याला अगदीच मिळाला नाही, असं नाही. मिळाला, आणि तोही पुण्याचा. फक्त तो माइकसमोर बसला नाही, मंत्रालयात बसला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 अशी दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. सिनेमातलं गाणं उथळ, त्याने लोकांचा कान बिघडतो, हे त्यांचं ठाम मत. मत अनेकांचं असतं. केसकरांच्या हातात सगळी आकाशवाणी होती. 1952 साली आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली. सरकारला शहाणपण सुचायला पाच वर्षं लागली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली आणि गाणी घरी परतली.

मात्र याच हट्टाची दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर केसकरांवर अन्याय होईल. फिल्मी गाण्याची जागा भरायची तर दुसरं काही हवं होतं. म्हणून आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताला बळ मिळालं, कवी आणि संगीतकार कामाला लागले. पुणे केंद्र सुरू झालं 1953 साली. तिथून 1955 च्या रामनवमीला ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात 56 गाणी झाली. श्रोत्यांच्या कलचाचणीतून अशी कल्पना कधीच वर आली नसती. वर्षभर रामकथा, तीही अनोळखी नव्या चालीत? फोनवर विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी नको म्हटलं असतं.

गंमत अशी की जे आपल्याकडे झालं तेच विलायतेत. तिथेही बीबीसीवर रेकॉर्ड किती वेळ वाजवायच्या याला मर्यादा होती आणि तरुणांना हवं ते संगीत तिथे फारसं मिळत नव्हतं. 1964 साली ‘रेडिओ कॅरोलाइन’ने किनाऱ्यापासून दूर जहाज उभं केलं आणि समुद्रातून गाणी सोडली. आपण लंकेकडे कान लावला, इंग्रजांच्या पोरांनी जहाजाकडे. 1967 साली सरकारने कायदा करून अशी जहाजं अडवली, त्याच वर्षी बीबीसीने ‘रेडिओ वन’ काढलं आणि त्या जहाजांवरचेच निवेदक नोकरीला ठेवले. त्यांतला एक जॉन पील.

तुमच्या निवेदकाचा हा आजोबा म्हणायचा. 1967 पासून 2004 साली मरेपर्यंत पील बीबीसीवर स्वतःच्या आवडीची गाणी लावत राहिला. कधी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने लागायची, तो तसं सांगून मोकळा व्हायचा. 1978 साली उत्तर आयर्लंडमधल्या ‘अंडरटोन्स’ नावाच्या पोरांचं एक गाणं त्याला इतकं आवडलं, की ते संपल्यावर त्याने तेच पुन्हा लावलं. कुठल्या सॉफ्टवेअरच्या नियमात हे बसत नाही. पण नुसती आवड सांगून तो थांबला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. ज्यांची रेकॉर्डही निघालेली नाही अशा बँडना बोलावून बीबीसीच्या स्टुडिओत त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली जायची आणि तो ती लावायचा. अशी चार हजारांवर ध्वनिमुद्रणं झाली. नंतर जगभर गाजलेले कितीतरी लोक आधी तिथे वाजवून गेले.

असा माणूस चुकत नव्हता का? भरपूर. नावडत्यांवर अन्याय करायचा, आवडत्यांचे फाजील लाड करायचा. पण श्रोत्याला त्याचं माप ठाऊक असायचं. पीलला आवडलं नाही म्हणजे नेमकं काय नसेल, हे ऐकणाऱ्याला कळायचं. अमेरिकेत न्यू जर्सीचं ‘डब्ल्यूएफएमयू’ हे स्टेशन असंच चालतं : जाहिराती नाहीत, ठरलेली यादी नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर कारभार. ज्या कॉलेजात ते सुरू झालं ते कॉलेज 1995 साली बंद पडलं, स्टेशन मात्र टिकलं. तेव्हा ‘हा कोण ठरवणारा’ याचं उत्तर सरळ आहे. तो ठरवणारा आहे, कारण तो आपलं नाव सांगून ठरवतो आणि तुम्हाला त्याच्याशी भांडता येतं. तुम्ही भांडलात, म्हणजे त्याचा कार्यक्रम चांगला चाललाय.

आता पैसा.

पैसा आहेच. ‘सेक्स पिस्टल्स’ हा गडबडखोर इंग्रज बँड 1978 साली मोडला आणि 1996 साली पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यांनी दौऱ्याला नावच हरामाच्या पैशाचं दिलं. ‘ईगल्स’ 1980 साली फुटले, 1994 साली जुळले. पण पैसा नेमका कोणाला लागतो, हे तुमच्या निवेदकाने सांगितलं नसावं. गाणं लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला गाणं कुठेही वाजलं की स्वामित्वाचा हिस्सा येत राहतो, म्हातारपणीसुद्धा. बँडमधल्या बेसवाल्याला किंवा ड्रमवाल्याला, त्याचं नाव गीतलेखनात नसेल तर, तो हिस्सा मिळत नाही. त्याची कमाई मुख्यतः मंचावर. पूर्वी रेकॉर्डी आणि सीडी खपायच्या तेव्हा त्यातून थोडंफार यायचं. 1999 साली ‘नॅपस्टर’ने फुकट गाण्याची चटक लावली, पुढे महिन्याच्या वर्गणीत जगातलं सगळं संगीत फोनवर आलं, आणि खपाची ती कमाई आटली. तेव्हापासून मोठा पैसा तिकिटात आहे. गायक कदाचित हौसेने परत येत असेल. बेसवाला पेन्शनसाठी येतो. त्याला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही.

आणि निव्वळ पैशाचाच मामला असता तर ‘लेड झेपलिन’ने काय केलं असतं? 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये त्यांनी एका रात्रीपुरतं एकत्र वाजवलं. तिकिटांसाठी दोन कोटींच्या घरात अर्ज आले, असं तेव्हा सांगितलं गेलं. एवढी झुंबड बघून दुसरा कोणी दोन वर्षांचा दौरा लावता. त्यांच्या गायकाने ऐकलं नाही, विषय तिथेच मिटला. उलट टोकाला ‘ओॲसिस’चे गॅलॅघर बंधू. 2009 साली पॅरिसजवळच्या एका कार्यक्रमाआधी दोघांत जुंपली आणि बँड मोडला. पंधरा वर्षं सख्ख्या भावांनी एकमेकांना जाहीर टोमणे मारले. 2024 च्या ऑगस्टमध्ये समेट जाहीर झाला, तिकीट खिडकी उघडली आणि रांगेत उभ्या माणसासमोरच तिकिटाची किंमत चढत गेली. ओरड इतकी झाली की ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चौकशी लावावी लागली. 4 जुलै 2025 रोजी कार्डिफला दौरा सुरू झाला तेव्हा मैदान भरलेलंच होतं. आपल्याकडे तमाशातले कवलापूरचे काळू-बाळू. सख्खे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे, एकाच मंचावर हवालदार होऊन उभ्या महाराष्ट्राला हसवत राहिले. बातमी व्हायची ती फुटणाऱ्या भावांची, हा न्याय सगळीकडे सारखाच.

बँड फुटणं हे थेट शेतीच्या वाटणीसारखं आहे. जमीन वाटता येते, सामाईक विहीर राहते. बँडची सामाईक विहीर म्हणजे त्याचं नाव. ‘पिंक फ्लॉइड’मधून रॉजर वॉटर्स 1985 साली बाहेर पडला आणि मागे राहिलेल्यांनी ते नाव वापरू नये म्हणून प्रकरण वकिलांकडे गेलं. 1987 साली तडजोड झाली. नाव मागे राहिलेल्यांकडे. पुढे 2 जुलै 2005 रोजी लंडनच्या ‘लाइव्ह एट’ या कार्यक्रमात चौघे एकत्र उभे राहिले, काही गाणी वाजवली आणि आपापल्या घरी गेले.

हे सगळं वाचून केडगावच्या मित्राच्या मनात एव्हाना चौफुला आला असेल. यायलाच हवा. पुणे-सोलापूर रस्त्यावर, शिरूरकडून येणारा रस्ता जिथे मिळतो, तिथली ती कला केंद्रं म्हणजे संगीतबारीची मोठी पेठ. थिएटर मालकाचं, पार्ट्या अनेक. एकेका पार्टीला बारी मिळते आणि उत्पन्नात थिएटरचा वाटा निघतो. पार्टीचं नाव बहुधा बायकांच्या नावावर, कित्येकदा बहिणींच्या जोडीवर. छाया-माया खुटेगावकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ढोलकीवाला बदलेल, पेटीवाला दुसऱ्या पार्टीत जाईल, फलक तोच राहतो. म्हणजे नाव कोणाचं, हा वादच नाही. बँडमध्ये चौघांची मिळून एक ओळख, इथे ती नाव लावणाऱ्यांची.

तमाशाच्या ढोलकीफडाची रीत निराळी. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत फड गावोगाव फिरतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावकारभारी तिथे जाऊन यात्रेची सुपारी देतात. शिरूर तालुक्यातून जाणारे तर घरचेच. कलावंताला मालक हंगामाआधी उचल देतो. उचल घेतली की तो हंगामभर त्या फडाला बांधलेला, हंगाम संपला की मोकळा. पटलं नाही तर पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या राहुटीत. विठाबाई नारायणगावकरांच्या लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला, तसे कितीतरी फड एकातून एक निघाले. फलकावर मालकाचं नाव, पुढे ‘सह’ लिहून दुसरं नाव, आणि ते दुसरं नाव कधी गळतं, कधी परत येतं. फडात फुटणं आणि जुळणं हा दरवर्षीचा व्यवहार आहे. कोणी त्याची पत्रकार परिषद घेत नाही.

गाणीसुद्धा तशीच फिरती. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांनी लावण्या, गण-गवळणी, वग लिहिले ते कोणा एका फडासाठी नव्हे. राज्यातल्या अनेक नामांकित फडांनी त्यांचं साहित्य सादर केलं. 2018 सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने त्यांना दिला, 2021 साली ते गेले. लेखक एक, फड अनेक. अशा रचनेत फड फुटला तरी गाणं अनाथ होत नाही. रॉक बँडमध्ये गाणं, वाजवणारे आणि नाव तिन्ही एकाच गाठीत बांधलेलं असतं, म्हणून गाठ सुटली की सगळंच विस्कटतं आणि पुन्हा बांधली की लोक रडतात. मला विचाराल तर उचलीचा व्यवहार कलावंताला कर्जात ठेवणारा आहे आणि त्यात सुधारणा हवी. पण कोण कधी मोकळा, हे त्यात स्पष्ट असतं. अठराव्या वर्षी गॅरेजमध्ये बँड काढणाऱ्या चार मित्रांनी यातलं काहीच ठरवलेलं नसतं.

आता मराठी माणसांचा फुटून जुळलेला बँड. आहे, आणि चांगला ठसठशीत आहे.

1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला. गिटारवर महेश तिनईकर. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आला. पोरं पक्की मुंबईची, कोकणी-मराठी-पारशी-ख्रिस्ती अशी मिसळ. त्या काळात आपल्याकडच्या रॉकवाल्यांकडून अपेक्षा एकच : परदेशी गाणं हुबेहूब वाजवा. स्वतःचं गाणं सुरू केलं की समोरून हुर्यो. रॉक मशीनने स्वतःची इंग्रजी गाणी लिहिली, 1988 साली त्यांचा पहिला अल्बम आला, 1990 साली दुसरा. 1986 पासून धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला होता. घामाने भिजलेली कॉलेजची पोरं तिथे उघड्यावर यांची गाणी तोंडपाठ म्हणायची. 1993 साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, सूरही बदलला, तबला-सारंगीच्या वाटेने काही शोधायला लागले. त्याच साली त्यांच्या एका गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचं बक्षीस मिळालं. 1995 साली नव्या नावाचा अल्बम आला.

आणि नेमका तेव्हाच वारा फिरला. केबल टीव्ही घरोघर पोचला, हिंदी पॉपची लाट आली, त्याच 1995 साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने खपाचे विक्रम केले. इंग्रजीत गाणाऱ्या हिंदी-मराठी नावांच्या मुलांना कंपन्या विचारेनात. 1997 साली इंडस क्रीड मोडला. भांडाभांडी, कोर्टकचेरी असलं काही त्याला चिकटलं नाही. बेनेगल आणि दुसरा गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाने वेगळं काही करू लागले. काही वर्षांनी बेनेगल परतला, तिनईकरबरोबर साध्या गिटारींवर ‘व्हर्लिंग कलपाज’ नावाने वाजवू लागला. म्हणजे जुळणी एका दिवसात झालीच नाही. आधी दोघे जुळले, तेही दुसऱ्या नावाखाली. जुनं नाव त्यांनी 2010 साली उचललं.

तेव्हाच का? कारण वाजवायला जागा आल्या होत्या. 2007 साली मुंबईत लोअर परळला ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं होतं, जिथे लोक जेवता जेवता का होईना पण स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना तिकीट काढून ऐकायचे. 2010 सालीच पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला. उलट जुनं रंगभवन बंद पडलं होतं : 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, भोवती रुग्णालयं असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम संपले. हेच नियम रात्री दहाची वेळ घेऊन तुमच्या गावच्या यात्रेतही आले. रात्रभर रंगणारा वग दहाच्या आत कसा गुंडाळायचा, हे संकट फडमालकांचं आणि मुंबईच्या गिटारवाल्यांचं एकच. दोघांनी कधी एकत्र बसून निवेदन दिलं असतं तर मजा आली असती.

इंडस क्रीडच्या दुसऱ्या डावात जुन्यांपैकी तिघे होते : बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नवे, वयाने लहान. जुन्या गाण्यांवर दोन-तीन वर्षं सहज निघाली असती, चाळिशी गाठलेले जुने श्रोते डोळे पुसत आले असते. त्यांनी 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अख्खा नवा अल्बम काढला. गाणी लांब, गुंतागुंतीची, चटकन गुणगुणता न येणारी. तुमच्या निवेदकाला ती आवडोत न आवडोत, पण पैशासाठी कोणी असला अल्बम काढत नाही. इंग्रजी रॉकच्या नव्या अल्बममध्ये या देशात तेव्हाही पैसा नव्हता, आजही नाही.

तेव्हा निवाडा. पैशाबद्दल पहिल्या मित्राचं म्हणणं बरंचसं खरं, पण त्यावरून निवेदकाने काढलेला निष्कर्ष आळशी आहे. गाणी न लावण्याचा त्याला पूर्ण हक्क. पण न ऐकता न लावणं हा हट्ट झाला, आवड झाली नाही. माझी पट्टी अशी : जुळल्यावर नवीन काही केलं का? केलं असेल तर त्यांना पुन्हा ऐकायचं, आधीच्या पुण्याईवर किंवा पापावर न जाता. केलं नसेल तर तो स्नेहमेळावा. ज्याला जायचं त्याने हौसेने जावं, रेडिओवाल्याने त्यावर वेळ घालवू नये. या पट्टीवर इंडस क्रीड पास, ओॲसिसचा तो दौरा नापास, आणि लेड झेपलिनची एक रात्र पट्टीतच बसत नाही. पिंक फ्लॉइडच्या त्या कार्यक्रमासाठी मी पट्टी बाजूला ठेवतो, त्याबद्दल दुसऱ्या मित्राने मला खुशाल पकडावं.

राहिला तुमच्या स्वतःच्या कार्यक्रमाचा प्रश्न. हवेतून रेडिओ काढायचा तर एकट्या-दुकट्याला परवाना मिळत नाही. सामुदायिक रेडिओ शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत सेवाभावी संस्था यांनाच काढता येतो. ताकद 100 वॅट, मनोरा साधारण 30 मीटरपर्यंत. म्हणजे न्हावऱ्याहून निघालेला आवाज केडगावला पोचेल याची खात्री नाही, मधे भीमा आणि बरंच अंतर. निम्मा कार्यक्रम स्थानिक हवा. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. नमुना बघायचा तर शेजारीच, बारामतीला विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आहे 90.4 वर, पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 107.4 वर. अशा एखाद्या केंद्रात आठवड्याचा अर्धा तास मागून घेणं हा सोपा मार्ग.

इंटरनेटवरून काढलात तर मनोरा नको, पण गाण्याचा हक्क चुकत नाही. ध्वनिमुद्रणाचा मालक एक, शब्द आणि चालीचे हक्कदार वेगळे, दोन्हीकडची परवानगी लागते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा हिस्सा कायद्याने पक्का झालाय, त्यामुळे ‘आपण कुठे कमावतोय’ हे कारण चालायचं नाही. त्यापेक्षा पीलची युक्ती धरा. तुमच्या पट्ट्यातले वाजवणारे गाठा : चौफुल्याचा ढोलकीवाला, यात्रेतल्या फडातला पेटीवाला, एमआयडीसीत दिवसा मशीन चालवून रात्री गिटार घेऊन बसणारा एखादा पोरगा. स्वतः ध्वनिमुद्रण करा, संमती लेखी घ्या, मानधन द्या, आणि निवेदनात वाजवणाऱ्याचं नाव पूर्ण घ्या. फलकावर ते येत नाही.

आणि दोघांनी एकाच माइकवर बसा. शिकागोत एकेकाळी दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांत लिहिणारे संगीत समीक्षक, जिम डिरोगॅटिस आणि ग्रेग कॉट, ‘साउंड ओपिनियन्स’ नावाच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं एकमेकांचं म्हणणं खोडून काढत आलेत, लोक ऐकतात ते त्या खोडण्यासाठीच. तुमचा पहिल्या भागाचा विषय तयार आहे. ‘इव्हॉल्व्ह’ मिळवून ऐका, मग भांडा.